बंद पडली की बंद केली

संपतला ऐकू येत नव्हतं, तरी इंजिनाच्या पोटातलं त्याला सगळ्यांच्या आधी कळतं, असं आमच्या वस्तीवर म्हणायचे. मीही म्हणायचो. ते पुरतं खरं नव्हतं हे मला एका दिवशी समजलं, आणि त्या दिवसाबद्दलच थोडं लिहायचं आहे. गावच्या वाचनालयाच्या अंकासाठी मुलांनी दोनदा येऊन सांगितलं म्हणून बसलो आहे. चुकलं असेल तिथे त्यांनी दुरुस्त करावं.

आमची वस्ती आळे गावाच्या खालच्या अंगाला. संपतचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक बांध. तरुणपणी तो एका बोगद्याच्या कामावर सुरुंगाच्या टोळीत होता. चार वर्षांत कान गेले. परत आला आणि द्राक्षांची छाटणी शिकला. पुढे त्यात असा तरबेज झाला की नारायणगावापासून ओतूरपर्यंतचे बागवाले त्याची वाट बघायचे. काडीवर कोंबाचा कितवा डोळा राखायचा हे तो बोटाने चाचपून ठरवायचा. त्याचा सगळा भरवसा हातावर. समोरच्याचे ओठ बघून बोलणं बरंचसं ओळखायचा, स्वतः मात्र फार मोठ्याने बोलायचा.

बागा लांब लांब, म्हणून एक्याण्णव साली त्याने एका निवृत्त फौजीकडून जुनी बुलेट घेतली. बाहत्तरचं मॉडेल, लोखंडी इंजिन, उजव्या पायाला गिअर. या गाडीला ना तापमानाचा काटा, ना तेलाचा दिवा. इंजिन किती तापलं आणि तेलाला जोर आहे की नाही, हे चालवणाऱ्यानेच ओळखायचं.

ते कसं ओळखायचं हे विचारायला आम्ही जुन्नरला बदरुद्दीन मिस्त्रींकडे गेलो होतो. मिस्त्रींची दाढीमिशी इतकी दाट की संपतला त्यांचे ओठच दिसेनात. म्हणून ते मला सांगायचे आणि मी संपतकडे तोंड करून तेच पुन्हा सांगायचो. मिस्त्री पुष्कळ बोलले. मी जमेल तेवढं सांगितलं. त्यातला मुख्य भाग असा, की इंजिनाच्या मागे खाली तेलाची टाकी असते, तिच्यातलं तेल सगळ्या इंजिनात फिरून, तापून पुन्हा तिच्यातच येतं. दहा-पंधरा किलोमीटर झाले की थांबून टाकीवर तळहात ठेवायचा आणि पाच मोजायचे. पाचाच्या आत हात काढावा लागला तर गाडी फार तापली, सावलीत उभी करायची.

संपतने हे इतकं मनावर घेतलं की पुढची अकरा वर्षं त्याने त्यात खंड पाडला नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या जीपा हॉर्न वाजवत खोळंबलेल्या असायच्या आणि हा रस्त्याच्या कडेला वाकून टाकीवर हात ठेवून मोजत असायचा, तेही मोठ्याने. पोरं म्हणायची, "संपतभाऊ गाडीची नाडी बघतोय."

साळुबाई, त्याची बायको, गाडीवर मागे बसली की त्याचे कान व्हायची. मागून मोठी गाडी आली की उजव्या खांद्यावर एक थाप. हळू घे म्हणायचं असलं की दोन. पाठीवर सबंध पंजा टेकवला की थांब. पण ती बरोबर असायची ती लग्नाकार्याला, बाजाराला. छाटणीला तो एकटाच जायचा.

दोन हजार दोन सालच्या मार्चमधली गोष्ट. त्यांचा मुलगा सुदर्शन चाकणला कारखान्यात होता. शिमग्याला घरी आला तेव्हा म्हणाला, "ही गाडी आता विकायची. जुनी झाली. कुठंबी बंद पडंल." आधीच्या वर्षी ती दोनदा खरंच बंद पडली होती, एकदा वायर तुटून आणि एकदा पेट्रोलमध्ये पाणी आल्याने.

संपत म्हणाला, "छाटणी तोंडावर आलीय. गाडी इकून मी काय उडत जाऊ?"

"एस्टी हाय की."

"एस्टी बागंत येती व्हय?"

दोन दिवस घरात हेच चाललं होतं. शेवटी सुदर्शननेच तोड काढली. संपतचा बोगद्याच्या कामावरचा जोडीदार चिमाजी आहुप्याला राहायचा. आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याच्या पार टोकाला, डिंभ्याच्या पुढे सगळा चढ आणि वळणं. सुदर्शन म्हणाला, "चिमाजीकाकाकडं जाऊन यू. तुमी आन् आई बुलेटवर, मी माझ्या गाडीवर मागनं. वाटंत एकदाबी बंद पडली न्हाई, तर मी पुन्हा तोंडातनं शब्द काढणार न्हाई. पडली, तर चावी माझ्याकडं."

"चाललं," संपत म्हणाला. "पर पंच कोन?"

आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी दूध संस्थेत एकतीस वर्षं फॅट काढायचं काम केलं. यंत्रावर जो आकडा येईल तो मोठ्याने सांगायचा, एवढंच. माझं स्वतःचं मत कुणी विचारलं नाही आणि मी दिलं नाही. मी म्हणालो, मला कशाला यात ओढता. साळुबाई म्हणाली, "चला हो भावजी, तेवढंच फिरणं व्हईल. पंच व्हायला काय लागतं? डोळं उघडं ठिवायचं."

ठरल्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो. पुढे बुलेट, मागे सुदर्शनच्या नव्या गाडीवर मी. संपतने गाडी आरशासारखी पुसली होती. आदले दोन दिवस तो तिच्याच मागे होता. तेल बदललं, जाळ्या धुतल्या, नळ्या फुंकल्या. या एका फेरीवर त्याचं सगळं हिंडणंफिरणं आणि काम अवलंबून होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मंचरला तो थांबला. इंजिन चालूच ठेवून वाकला. "एक, दोन, तीन, चार, पाच!" पाचाला हात काढला आणि मला बोट वर करून दाखवलं. घोडेगावला पुन्हा थांबला. यावेळी आठपर्यंत मोजलं. डिंभ्याच्या पुढे, जलाशयाच्या कडेने जाताना उन्हाचा चटका लागायला लागला होता. तिथे त्याने बारा मोजले, हात टाकीवर तसाच होता आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"सुदर्शन!" तो ओरडला. "तुझी नवी गाडी तापली असंल, हिला बघ! चढाला लागलो तरी गारेगार!"

सुदर्शन मला हळूच म्हणाला, "नाना, जिंकत्यात वाटतं आपलं म्हातारं." त्यात राग नव्हता. पण तो मोकळा झाल्यासारखाही वाटला नाही.

तिथून पुढे खरा चढ सुरू झाला. चौथ्या-पाचव्या वळणावर साळुबाईने मान तिरकी केली. मागून आम्हाला दिसत होतं. तिने डावा कान इंजिनाच्या दिशेला केला, मग संपतच्या खांद्यावर दोन थापा दिल्या. हळू घे. त्याने वेग थोडा कमी केला. मग तिने पाठीवर पंजा टेकवला. थांब.

संपत थांबला नाही. त्याने नुसती मान हलवली, जणू म्हणत होता, मला माहीत आहे, सगळं ठीक आहे.

तिने पुन्हा पंजा टेकवला. यावेळी जोरात. तो एक वळण पुढे गेला. आता आम्हालाही मागे ऐकू यायला लागलं. बुलेटच्या नेहमीच्या धडधडीच्या आत काहीतरी कोरडं वाजत होतं, डब्यात खडे हलवल्यासारखं. तिसऱ्यांदा पंजा टेकवूनही तो थांबेना, तेव्हा साळुबाईने पुढे होऊन त्याचा उजवा कान धरला आणि पिळला.

गाडी कडेला गेली. संपतने चावी फिरवली. इंजिन थांबलं आणि एकदम सगळीकडे शांत झालं.

"कान कशाला पिळती गं बाजारबुणगे!" तो ओरडला.

"मंग काय पिळू? कान चालत असता तर न पिळता थांबला असता!" साळुबाई त्याच्यासमोर जाऊन, एकेक शब्द तोडून म्हणाली. "आत वाजतंय. कोरडं वाजतंय."

"टाकी गार हाय! मी आत्ता बारा मोजलं!"

सुदर्शन गाडी लावून पुढे आला. "पडली का बंद?"

"पडली न्हाई," साळुबाई म्हणाली. "केली. मी करायला लावली."

"एकच ते, आई. वाटंत हुबी हाय ना?"

"एकच कसं? दिवा वाऱ्यानं इझला आन् मी फुकून इझवला, ह्यात काय फरक न्हाई व्हय?"

"नाना, तुमी सांगा," सुदर्शन म्हणाला. "पंच हाय ना तुमी?"

मी म्हणालो, "आधी काय झालंय ते बघू." मला वेळ हवा होता, दुसरं काही नाही.

सुदर्शनने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि इंजिनावर ओतायला गेला. संपतने त्याचं मनगट धरलं. "बैल हाय का त्यो, पाणी मारायला? तापलेलं लोखंड तडकंल!" मग त्याने दोनच थेंब बोटांनी वरच्या भागावर शिंपडले. ते फुर्रकन उडून गेले.

मी खाली बसलो आणि उगीच काहीतरी करायचं म्हणून टाकीवर हात ठेवला. कोमट होती. दुधाची धार जेवढी असते तेवढीच. वर पाण्याचे थेंब उडतायत आणि खाली टाकी कोमट. हे दोन आकडे एकमेकांशी जुळेनात. तेव्हा मला जुन्नरचं ते दुकान आठवलं. बदरुद्दीन मिस्त्री उकिडवे बसून सांगत होते, "पाचाच्या आत हात काढावा लागला तर थांबायचं. आणि चटकाच बसला नाही, तर त्याहूनही आधी थांबायचं." मला तेव्हा ती चेष्टा वाटली होती. थंड गाडी कशासाठी थांबवायची? मी ते वाक्य संपतला सांगितलंच नव्हतं. मिस्त्रींना पुन्हा विचारायला लाजलो होतो.

मी वर बघून संपतला म्हणालो, "टाकी गार आहे, कारण तापलेलं तेल परत येतच नाहीये."

संपत माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याने पाना काढला. इंजिनाच्या डोक्यावर तेल नेणारी जी बारीक नळी असते, तिचा बोल्ट त्याने ढिला केला आणि किक मारायला सुदर्शनला खुणावलं. सुदर्शनने चार-पाच किका मारल्या. बोल्टाशी तेलाचा टिपूस नाही.

ऐनाच्या झाडाखाली आम्ही तासभर बसलो, इंजिन निवेपर्यंत. साळुबाईने भाकरी आणि कांदा काढला. कुणी फारसं खाल्लं नाही. सुदर्शन दोनदा उठून रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन आला. संपत गाडीकडे पाठ करून बसला होता.

इंजिन हाताला सोसवायला लागलं तसं त्याने पुढचं टोपण खोललं. तेल गाळायला तिथे थापून केलेल्या जाड लोकरीची गुंडाळी असते. त्याने ती ओढून काढली आणि ती पाहताच मांडी घालून खालीच बसला. हातात काळ्या घोंगडीची पट्टी होती. आपल्याकडच्या बाजारात मिळते तसली. दोन पदर करून नीट शिवलेली. तेल पिऊन फुगलेली आणि तिचे केस सुटून गाळणीची भोकं गच्च बुजलेली.

"आसली गुंडाळी जुन्नरात मिळंना," तो म्हणाला. "जुनी झिजली व्हती. म्हनलं, आज गाडी कशी, एकदम चोख पायजे. घरातली चांगली नवी घोंगडी घेतली. एक पदर कमी पडंल म्हनून दोन घातलं."

साळुबाईने ती हातात घेतली. "म्हणजे माझ्या माहेरच्या घोंगडीचा कोपरा तुमी कापला व्हय? मी उंदरावर राग काढती दोन दिवस!"

सुदर्शनला हसू आवरेना. मलाही. संपत मात्र हसला नाही.

गुंडाळी बाजूला ठेवली, भोकं पेट्रोलने धुतली, तारेने साफ केली. एवढ्या फेरीपुरती गुंडाळीशिवाय गाडी चालते, हे संपतला माहीत होतं. टोपण लावलं. सुदर्शनने किक मारली. सातव्या-आठव्या किकेला त्या बोल्टाशी तेलाचा एक थेंब फुगला, मग दुसरा, मग धारच लागली. संपतने बोट लावून बघितलं आणि बोल्ट आवळला. इंजिन चालू केलं. साळुबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि आम्ही तिघे तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो.

"हाय अजून," ती म्हणाली. "पर बारीक. हळू नेली तर चालंल."

आता सुदर्शन पुन्हा माझ्याकडे वळला. "नाना?"

 टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी संपतसमोर उभा राहिलो, त्याला ओठ दिसतील असा, आणि म्हणालो, "गाडी बंद पडली नाही. बंद केली."

संपतने मान हलवली. "नाना, तू माझी बाजू घेतोस. केली ती हिनं. म्या तिचं ऐकलं न्हाई. तिनदा सांगून ऐकलं न्हाई. माझ्यावर असतं तर पडूस्तवर नेली असती." त्याने उजवा तळहात पुढे केला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाला, "कान गेलं तवा वाटलं, हात हाय. आज हातानंबी दगा दिला."

मग मला सांगावंच लागलं. "हाताने दगा दिला नाही. हाताने बरोबर सांगितलं, गार आहे म्हणून. गारचा अर्थ काय, ते मिस्त्रींनी सांगितलं होतं. मीच तुला निम्मं सांगितलं. मला ते समजलं नाही आणि मी विचारलं नाही."

अकरा वर्षांनी सांगत होतो. संपतने ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा मी नुसते ओठ हलवले, त्याला आवाज नकोच होता.

"निम्मं?" तो म्हणाला.

"निम्मं."

"आन् मी आकरा वरसं त्या निम्म्यावर गाडी चालवली?" तो इतक्या मोठ्याने हसला की झाडावरची पाखरं उडाली. "पंच म्हनं! ह्या पंचालाच दंड पायजे!"

तरी हसून झाल्यावर त्याने चावी काढली आणि सुदर्शनसमोर धरली. "शब्द म्हंजे शब्द. घे."

सुदर्शनने ती घेतली नाही. तो तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बोलला, म्हणजे संपतला ओठ दिसणार नाहीत असा. "मला गाडीशी काय करायचंय? गेल्या दिवाळीत आळेफाट्यावर ह्यांच्या मागं ट्रक हॉर्न मारत व्हता आन् ह्यांना पत्ता न्हाई. मी पलीकडं हुबा व्हतो. तवापासून कंपनीत फोन वाजला की वाटतं, घरनंच आला. बहिरं हाय म्हनून गाडी सोडा, असं तोंडावर कसं म्हनायचं बापाला? म्हनून गाडी जुनी, गाडी जुनी, करत बसलो."

"काय म्हनला?" संपतने साळुबाईला विचारलं.

साळुबाईने क्षणभर मुलाकडे पाहिलं. मग संपतसमोर जाऊन तिने त्याला सगळं सांगितलं. ट्रक, आळेफाटा, फोन, बहिरा हा शब्दसुद्धा. काही गाळलं नाही. ती अख्खं सांगत होती, आणि मी ते बघत उभा होतो.

संपतने एकदा सुदर्शनकडे बघितलं. मग त्याने पुढे केलेला हात तसाच बाजूला वळवला आणि चावी साळुबाईच्या हातात दिली.

"हिच्याकडं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "ही मागं बसंल तरच निघायचं."

"मला इचारलं का?" साळुबाई म्हणाली. "मला काय कामधंदा न्हाई?"

"इचारतो की. रोज इचारीन."

तिने चावी पदराच्या टोकाला बांधली, आणि सोडून परत त्याच्या हातात दिली. "आता तर चालवा. चिमाजीच्या घरी कालवण निवायला लागलं असंल." सुदर्शनने आपली गाडी चालू केली.

आहुप्याला पोहोचायला दुपार झाली. वाटेत दर पाच किलोमीटरला थांबून संपत टाकीवर हात ठेवत होता. चटका बसला की खूश व्हायचा.

त्या वर्षीच्या खरड छाटणीपासून, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीपासून, साळुबाई त्याच्याबरोबर जायला लागली. एप्रिलअखेर ती कात्री धरायला शिकली, ऑक्टोबरच्या छाटणीला स्वतःची ओळ घेऊ लागली. बागवाले दोघांनाही बोलवायचे. बुलेट पुढे आठ वर्षं चालली. इंजिन एकदा मिस्त्रींकडे उघडावं लागलं. तेव्हा मी बरोबर गेलो, आणि मिस्त्रींचं प्रत्येक वाक्य संपतला सांगितलं, त्यांनी चहा मागवला तेसुद्धा.

पण सगळंच सोपं झालं असं नाही. साळुबाईला कधी मका काढायचा असायचा, कधी भावाकडे जायचं असायचं. ती म्हणायची, "आज मला सवड न्हाई." मग संपत कुरकुरत फाट्यापर्यंत चालत जायचा आणि एस्टी धरायचा. एरवी सकाळी मी दात घासत बांधावर उभा असलो की दिसायचं, गाडी पुसून अंगणात उभी आहे, तो तिच्याशेजारी हँडलला कात्र्यांची पिशवी अडकवून उभा आहे, आणि आत साळुबाईचं अजून आवरतंय. हाक मारली असती तर तिने ऐकली असती. पण तो हाक मारत नसे. उभा राहायचा.